माझ्या घशात अडकलेले मदुरै

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. पण एवढे ऐकून लगेच तुमच्या वर्गाच्या छताला टांगलेला तो पांढरा, गुळगुळीत डबा डोळ्यांसमोर आणू नका. तो स्वतःला माझा वारस म्हणवतो, म्हणवू द्या. मी स्लाइड दाखवणारा प्रोजेक्टर. राखाडी पत्र्याचा, शिवणयंत्राच्या डोक्याएवढा. पुढे एक भिंग, पाठीमागे पंखा आणि पोटात असा बल्ब, की थोडा वेळ चालू राहिला तर माझ्या पाठीवर पापड भाजून निघावा. मला आवाज नाही, मला चित्र हलवता येत नाही. एका वेळी एकच चित्र, आणि तेही कोणी हाताने सरकवले तर. तरीसुद्धा एके काळी माझ्यासाठी पुण्यात सभागृहे भरत असत, आणि हे मी मान ताठ करूनच सांगणार.

माझा जन्म भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. मला पहिल्यांदा वीज दिली तेव्हा समोरच्या कळकट भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला. कारागिरांनी हातातली कामे टाकून तो पाहिला आणि एकाने त्या उजेडात बोटांचा ससा करून दाखवला. पुढे सदाशिव पेठेतल्या दीनानाथ मास्तरांनी मला विकत घेतले आणि मी त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आलो. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरीही तोच शिकवायचे.

स्लाइड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पुठ्ठ्याची चौकट आणि तिच्या मधोमध रंगीत फिल्मचा तुकडा. ती माझ्यात खाली डोके वर पाय करून घालतात, तेव्हा कुठे भिंतीवर चित्र पायांवर उभे राहते. चुकून सरळच घातली तर देऊळ कळसावर उभे राहते आणि सगळे हसतात. ही चूक कोणालाही कळते. पण स्लाइडची पुढची बाजू मागे झाली, तर चित्र आरशातल्यासारखे होते. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. झाड असो, समुद्र असो, कोणाच्या लक्षातही येत नाही. ही दुसरी चूक मनात ठेवा, कारण तिच्यापायीच माझे निम्मे आयुष्य अंधारात गेले.

दर दिवाळीच्या सुट्टीत मास्तर आणि त्यांच्या पत्नी वासंतीबाई तामिळनाडूत जायचे. मास्तरांचे म्हणणे असे, की पुण्याच्या माणसाला उत्तरेकडच्या स्वाऱ्या तोंडपाठ, पण दक्षिण म्हणजे इडली आणि उटी. मास्तर तिथून फिल्मचे रोल भरभरून आणत. मी स्वतः कुठेच गेलो नाही. लकडी पुलापलीकडे जायचे झाले तरी रिक्षात वासंतीबाईंच्या मांडीवर बसून. पण ती सगळी शहरे माझ्या पोटातून गेली. पल्लवांची राजधानी कांचीपुरम, तिथले वालुकाश्माचे जुने कैलासनाथाचे देऊळ. समुद्रकाठी एकेका खडकातून कोरून काढलेले महाबलीपुरमचे रथ. उरैयूर, जे चोळांचे पहिले मोठे शहर होते आणि आता तिरुचिरापल्लीचा एक भाग होऊन बसले आहे.

तंजावरच्या स्लाइडला तर सभागृह खुर्चीत पुढे सरकायचे. हजार वर्षांपूर्वी राजराज चोळाने बांधलेले ते प्रचंड देऊळ, आणि त्याच्याच भिंतीवर पुढे तंजावरच्या भोसल्यांनी कोरून ठेवलेला आपल्या घराण्याचा इतिहास, तोही मराठीत! श्रोत्यांतून कोणीतरी हमखास विचारी, "त्या कळसाची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात, खरं का?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "पडते. मी स्वतः तिच्यात बसून दशम्या खाल्ल्या आहेत."

आणि सगळ्यात शेवटी मदुरै. पांड्य राजांचे, वैगई नदीच्या काठचे शहर. मधोमध मीनाक्षीचे देऊळ आणि त्याच्याभोवती चौकोनात चौकोन असे रस्ते. त्या रस्त्यांना महिन्यांची नावे आहेत. आडी, चित्तिरै, आवणी, मासी, म्हणजे आपल्या आषाढ, चैत्र, श्रावण, माघाची भावंडे. मास्तर सांगायचे, "आपण पेठांना वारांची नावं दिली, त्यांनी रस्त्यांना महिन्यांची. आपला सगळा कारभार आठवड्यात आटोपला." लोक खळखळून हसायचे आणि मला उगाच वाटायचे, की हे माझ्यामुळेच हसले.

खरे सांगायचे तर हे श्रेय वासंतीबाईंचे होते. स्लाइड भिंगासमोर सरकवणारी माझी सरकपट्टी त्या चालवायच्या. मास्तरांनी कधी "पुढची" म्हटले नाही, टिचकी वाजवली नाही. वाक्य संपायच्या आत ते जरासा श्वास घेत, आणि तो श्वास अंधारात वासंतीबाईंना ऐकू येई. पट्टी सरकायची, चित्र बदलायचे, आणि मास्तरांचे पुढचे वाक्य बरोबर त्या चित्रावर पडायचे. लोकांना वाटे, मास्तर बोलतात तसे चित्र आपोआप उगवते. माझा पत्रा तापला की त्या पदराने हात गुंडाळून मला धरत. एखादी स्लाइड मळलेली दिसली, तर फुंकर घालत. मला त्यांच्यासारखे कोणीच हाताळले नाही.

आता पुण्याची एक रीत सांगतो. इथला माणूस सहलीला निघण्याआधी व्याख्यानाला जातो, आणि सहलीहून परत आला की वक्त्याच्या चुका काढायला पुन्हा जातो. व्याख्यान संपल्यावर शंका विचारायची वेळ असते, पण शंका क्वचितच असतात. दुरुस्त्या असतात. भर सभेत वक्त्याची चूक पकडणारा माणूस त्या आठवड्यापुरता पेठेतला मोठा माणूस होतो. मास्तरांच्या खालच्याच मजल्यावर राहणारे अभयराव यात पटाईत होते. पेशाने इंजिनियर. पहिल्या रांगेत बसायचे आणि मांडीवर कोरा कागद ठेवायचे.

ज्या स्लाइडने घात केला ती वासंतीबाईंनी मदुरैच्या देवळाबाहेरच्या दुकानातून विकत आणली होती. देवळात आत कॅमेरा नेऊ देत नाहीत. मास्तरांना गाभाऱ्याशी कर्तव्य नव्हते. कॅमेरा नाही तर आत जाऊन करायचे काय, असा त्यांचा खाक्या. ते बाहेर गोपुरांचे फोटो काढत राहिले आणि वासंतीबाई रांगेत उभ्या राहून आत जाऊन आल्या. घरी स्लाइड लावताना त्या म्हणाल्या, "अहो, आत एक नटराज आहे. त्याचा उजवा पाय वर आहे. डावा नाही. हा बघा, स्लाइडमध्येही तसाच आहे."

मास्तर हसले. "तू समोर उभी होतीस. समोरच्याचा डावा तो आपला उजवा. गडबड झाली असेल तुझी."

"गडबड नाही झाली. मी बराच वेळ बघत होते."

"काही शिलालेख होता का तसा?"

"पाय होता," वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्लाइड डब्यात नीट लावून ठेवली. मास्तरांना पुराणातल्या गोष्टींचा तिटकारा होता. दगडावर कोरलेले असेल तेवढेच खरे, बाकी भाकडकथा.

पुढचा प्रसंग घडला तो उन्हाळ्यातल्या एका व्याख्यानमालेत. सभागृह गच्च भरले होते. कांची झाले, तंजावर झाले, मदुरैचे रस्ते झाले. मास्तरांनी श्वास घेतला, पट्टी सरकली आणि पडद्यावर तो नटराज उभा राहिला. उजवा पाय वर उचललेला.

अभयराव उभे राहिले. "व्यत्ययाबद्दल क्षमस्व, मास्तर. पण नटराज डावा पाय उचलतो, हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. आपली स्लाइड उलटी लागली आहे."

सभागृहात हशा पिकला. मास्तर पडद्याकडे बघत राहिले. मग अंधारातून माझ्या दिशेने त्यांचा आवाज आला, "वासंती, स्लाइड उलटी घातलीस."

"सुलटी आहे," वासंतीबाई म्हणाल्या.

"फिरव ती."

"अहो, सुलटी आहे. मी पाहिलंय."

"तुला डावं-उजवं कळत नाही, हे आता सगळ्यांना सांगत बसू का? फिरव!"

वासंतीबाईंनी माझ्यावरचा हात काढून घेतला. त्यांनी स्लाइड फिरवली नाही आणि तिथून हलल्याही नाहीत. मास्तर तरातरा चालत आले, स्लाइड ओढून काढली, उलटी केली आणि रागाने आत दामटली. पुठ्ठा तापून मऊ झाला होता. तो दुमडला आणि माझ्या घशात रुतून बसला. पडद्यावर आता नटराजाचा डावा पाय वर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अभयरावांसाठी होत्या, आणि ते सगळीकडे वळून मान लववत होते.

ती स्लाइड काही निघाली नाही. उरलेले व्याख्यान चित्रांशिवायच झाले. वासंतीबाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या, आणि परत जाताना रिक्षात मी मास्तरांच्या मांडीवर होतो.

घरी आल्यावर मास्तरांनी मला माझ्या लाकडी पेटीत ठेवले, कडी घातली आणि बाथरूमवरच्या माळ्यावर ढकलले. तिथून पुढची वीस-बावीस वर्षे, मित्रांनो, मी त्या पेटीत होतो.

कोंडून पडणे म्हणजे काय, हे तुम्हाला कसे सांगू? ज्याचा जन्म उजेड फेकण्यासाठी झाला, त्याला उजेडच नाही. खाली गीझर सुरू झाला की वाफ येऊन माझे भिंग घामाघूम व्हायचे, मग ती वाफ सुकून तिथे बुरशीची जाळी धरायची. बादलीत पाणी पडल्याचा आवाज हे माझे घड्याळ. आणि घशात तो नटराज, चुकीचा पाय वर करून अडकलेला. खरे काय ते मला माहीत होते, कारण स्लाइडची सुलटी बाजू कोणती हे माझ्याइतके कोणाला कळणार? पण मी ओरडू शकत नव्हतो. एखाद्याने तोंडात बोळा कोंबावा, तसे झाले होते.

माझ्या शेजारी गणपतीच्या मखराचे खोके होते. दर भाद्रपदात माळ्याचे दार उघडे, उजेडाची एक रेघ माझ्या पेटीच्या फटीतून आत येई आणि मी जीव मुठीत धरून वाट बघे. हात यायचा. तो माझ्या पेटीवर टेकायचा, मला बाजूला सारायचा आणि मखराचे खोके घेऊन जायचा. दहा दिवसांनी खोके परत येई आणि वर्षभर मला खालच्या गमती सांगे. दरवर्षी मला वाटे, यंदा तरी. मला त्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा किती मत्सर वाटला असेल, याची कल्पना करा.

खालचे बोलणे माझ्या कानांवर येत असे. मास्तरांनी शाळेतून दुसरा प्रोजेक्टर आणला होता. त्याला वायरला लावलेले बटण होते. बटण दाबले की चित्र बदले. वासंतीबाईंच्या जागी ते बटण आले. मग संगणक आले, व्याख्याने कमी झाली, दोघांचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. दोघे जिन्याकडे बघत बसत आणि भाजीवाल्याला खिडकीतून टोपली सोडत.

सगळ्यात वाईट काय झाले, तर वासंतीबाईंचे बोलणे आटले. पूर्वी त्या मास्तरांशी कडकडून भांडायच्या. आता मास्तरांनी मंगळवारी "आज बुधवार ना?" असे विचारले, तर त्या म्हणत, "असेल." आमटीत मीठ जास्त झाले म्हटले तर "असेल". अभयराव जिन्यात भेटले की अजून विचारायचे, "काय मास्तर, नटराजाचा पाय सुटला का?" मास्तर हसून न हसल्यासारखे करत. वासंतीबाई दार लावून घेत. एका स्लाइडमुळे मी माळ्यावर कोंडला गेलो आणि त्या स्वयंपाकघरात, असे मला वाटायचे.

आणि मग गेल्या वर्षी बातमी आली, की इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे. मास्तर आणि वासंतीबाई आपल्या मुलाकडे, केदारकडे, वारज्याला जाणार होते. केदार एका रविवारी शिडी लावून माळा उपसायला आला. तवे, जुने ट्रान्झिस्टर, फराळाचे डबे उतरले. मग त्याचा हात माझ्या पेटीवर पडला, आणि या वेळी त्याने मला बाजूला सारले नाही.

"बाबा, हा प्रोजेक्टर? भंगारवाला उद्या येतोय, देऊन टाकू?"

मास्तर म्हणाले, "परवा पार्किंगमध्ये इमारतीचा निरोपसमारंभ आहे ना? प्रत्येकानं काहीतरी सादर करायचंय. मी दक्षिणेतली शहरं दाखवतो. यावरच."

"लॅपटॉप आणतो की मी."

"स्लाइड लॅपटॉपला चालतात का?"

केदारने पेटी उघडली. वीस-बावीस वर्षांनी मी उजेड पाहिला, आणि तो मला सोसवला नाही. केदारने घशात अडकलेला पुठ्ठा पाहिला आणि पेचकस घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "पेचकस लावू नकोस. आतली काच फुटेल."

वासंतीबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी केसांतला आकडा काढला, त्याचे टोक पुठ्ठ्याच्या कडेला सारले, जरा हलवले, जरा थांबल्या, पुन्हा हलवले. मला वाटले, आता माझा घसाच फाटतो. मग एकदम मोकळे वाटले. स्लाइड त्यांच्या हातात होती. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, साडीच्या मऊ काठाने पुसली, आणि मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "दाखवायचं असेल तर पट्टी मी चालवीन. पण ही मी लावीन तशीच राहील. कोणाला उलटी वाटत असेल, तर त्यानं आत्ताच सांगावं."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. केदार पुटपुटला, "मग भंगारवाल्याला परवानंतर बोलावतो."

मित्रांनो, ते दोन दिवस मी फार घाबरलो होतो. भंगाराची भीती होतीच. पण वासंतीबाईंना पुन्हा एकदा चारचौघांत खोटे पाडले गेले, तर भंगारात जाणे मला परवडले असते.

समारंभाच्या संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली. मास्तरांना खुर्चीत बसवून दोघांनी खाली आणले. वासंतीबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. पहिल्या रांगेत अभयराव काठी घेऊन बसले होते. माझा पंखा आधी खोकला, मग फिरला. बल्ब लागला. चादरीवर कांचीपुरम उमटले, बुरशीच्या जाळीतून का होईना.

आणि मास्तर बोलू लागले. आवाज थकला होता, पण वाक्यांची ठेवण तीच. मी घाबरून ऐकत होतो, की त्यांचा तो श्वास वासंतीबाईंना ऐकू येईल का. आला. पहिल्याच वेळी पट्टी बरोबर सरकली. रथ झाले, तंजावर झाले, सावलीतल्या दशम्या झाल्या, महिन्यांचे रस्ते झाले. मग पट्टी सरकली आणि नटराज उभा राहिला. उजवा पाय वर.

"मास्तर!" अभयराव काठी आपटत ओरडले. "अहो, पुन्हा उलटी! वीस वर्षांत काही फरक नाही!"

पार्किंगभर हशा झाला. वासंतीबाईंचा हात माझ्या पाठीवर होता. पत्रा चांगलाच तापला होता, तरी त्यांनी तो काढला नाही. सगळे मास्तरांकडे बघत होते.

"सुलटी आहे," मास्तर म्हणाले. "तेव्हाही सुलटी होती."

"पुरावा?"

"मी पुरावा." मास्तर खुर्चीत जरा सावरून बसले. "त्या प्रकारानंतर काही वर्षांनी एका सहलीबरोबर माहिती सांगायला मदुरैला गेलो होतो. हिला चल म्हटलं, ही आली नाही. कॅमेरा हॉटेलवर राहिला होता, म्हणून पहिल्यांदाच देवळात आत गेलो. चांदीचा मंडप आहे. त्यात नटराज आहे. उजवा पाय वर आहे. मी पुन्हा रांगेत उभा राहिलो आणि पुन्हा बघितला. तरी उजवाच."

कोणी हसले नाही.

"तिथली एक कथा आहे. मी असल्या कथांना भाकडकथा म्हणत आलो. एक पांड्य राजा नाच शिकला. शिकल्यावर त्याला कळलं, की एका पायावर तोल सांभाळणं काय असतं. मग त्याला देवाची दया आली. हा युगानुयुगं त्याच एका पायावर उभा! त्यानं विनवलं, देवा, पाय बदल. आणि देवानं बदलला." मास्तर थांबले. "देवाला पाय बदलता आला. मला घरी येऊन एक वाक्य बदलता आलं नाही. वासंती, तुझं बरोबर होतं. चार लोकांत तुला खोटं पाडलं होतं, म्हणून चार लोकांतच सांगतो. चूक माझी होती."

अभयराव काठी टेकत उठले आणि मागे वळले. "वहिनी, त्या दिवशीच्या टाळ्या मी घेतल्या होत्या. त्या तुमच्या होत्या." आणि त्यांनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही वाजवल्या.

वासंतीबाई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा आणलेली ती मदुरैची ठिपक्यांची साडी माफीची होती होय! न सांगता कधी रुमाल न आणणारा माणूस साडी घेऊन आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं." लोक पुन्हा हसले, पण हे हसू निराळे होते. "पुढे बोला आता. बल्ब तापलाय."

मला वाटले, संपले. सगळे नीट झाले. माझी सुटका झाली, त्यांची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाई माझे भिंग पुसत होत्या आणि केदारला बजावत होत्या, की हा भंगारात जाणार नाही, वारज्याला येणार, आणि पेटीचे झाकण लावायचे नाही. मास्तर समोर बसले होते.

"रागावली आहेस?" त्यांनी विचारले.

"राग केव्हाच गेला. राग किती दिवस टिकतो?" त्या पुसत राहिल्या. "पण एक सांगू? नंतर नंतर मला खरंच वाटायला लागलं, की आपल्याला डावं-उजवं कळत नाही. तुम्ही इतक्या लोकांत म्हणालात, ते सगळे हसले, म्हणजे माझंच चुकलं असणार. कोणाला रस्ता सांगायचा झाला तर मला घाम फुटायचा. म्हणून मी उजव्या हातात एक बांगडी जास्त घालायला लागले. बोलायच्या आधी हळूच बघून घ्यायचे, बांगड्या जास्त कुठल्या हातात आहेत ते. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत होतं."

मास्तरांनी वासंतीबाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ त्या बांगड्यांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते त्यांनी पुसले नाही.

मित्रांनो, मी इतका वेळ तुम्हाला माझ्या कोंडमाऱ्याची कहाणी सांगितली. मला एका आकड्याने सोडवता आले. वासंतीबाईंना ज्याने सोडवायचे, तो माणूस रोज समोर बसून चहा पीत होता.

आता मी वारज्याला अकराव्या मजल्यावर असतो. इथे लिफ्ट आहे, पण मास्तर आणि वासंतीबाई फारसे खाली उतरत नाहीत, कारण खाली ओळखीचे कोणी नाही. माझा बल्ब मागच्या महिन्यात गेला आणि तसा बल्ब आता मिळत नाही. मी दिवाणखान्यात उघडाच बसून असतो. जुनी वस्तू माळ्यावर टाकण्याआधी एकदा पुसून, चालवून पाहा, हे माझ्या जातीच्या प्रत्येकाने तुम्हाला सांगितलेच असेल, आणि मीही सांगतो. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. आपली चूक कळली, तर त्याच दिवशी सांगून टाका. साडी आणू नका, तोंडाने सांगा. तुम्ही गप्प राहाल तितके दिवस दुसरे कोणीतरी ती चूक स्वतःची समजून सांभाळत बसेल.

वासंतीबाईंनी ती जास्तीची बांगडी अजून काढलेली नाही. मास्तरांनी दोनदा विचारून पाहिले. सवय झाली आहे, म्हणतात.